आधी आजी, मग कागद

चिमे, आजीवर पुस्तक करायचं तू मनावर घेतलंयस असं काकूकडून कळलं. कर, खुशाल कर. पण सुरुवात वंशावळीपासून करायची म्हणतेस ना, तेवढं माझं ऐक आणि थांब जरा.

तुझा तरी काय दोष! 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदी शोधायला सगळा मुलूख तहसीलच्या अभिलेख कक्षात लोटला. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. त्या निमित्तानं कितीतरी घरांना खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा कळलं, ते चांगलंच झालं. गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, सगळं बघ. पण ते पुढच्या वर्षीही बघता येईल. आजीनं ऐंशी ओलांडलीय, आणि दुपारची गोष्ट ती हल्ली संध्याकाळी विसरते. साठ वर्षांपूर्वीचं मात्र तिला लख्ख आठवतं. हे किती दिवस टिकेल ते कुणी सांगावं?

दुसरं असं की कागदात बायका फारशा सापडत नाहीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव सांगितलं की उघडतात. त्यात कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ हे पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं असतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन कूळ सांगायचे. तिथंही बापाचा बाप आणि त्याचा बाप अशीच सगळी शिडी. लेकी सुनांना त्या शिडीवर पाय ठेवायला जागा नाही.

आपल्या घरातल्या बायका मला कागदावर कुठे भेटल्या सांगू? फेरफाराच्या नोंदीत. आबांचे वडील वारले तेव्हा वारस म्हणून आबांच्या दोन्ही बहिणींची नावं लागली, कारण 1956 च्या कायद्यानं मुलींनाही वारसा दिला होता. आणि लगेच पुढच्या नोंदीत त्यांनी हक्कसोड केला. नावं लागली ती कमी होण्यासाठीच. साडीचोळी, गोड जेवण, अंगठा, संपलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, तरी अजूनही हेच चाललेलं असतं. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, उद्या तुझ्यासमोर असा कागद आला तर वाचल्याशिवाय सही करू नकोस. भाऊ चांगला आहे हे मलाही माहीत आहे. तरीही वाच.

तर त्या दोघी आत्याआज्या कशा होत्या, कुठे दिल्या होत्या, त्यातली एक माहेरी का परत आली, हे फेरफार सांगणार नाही. आजी सांगेल. तिचं आणि त्या परत आलेल्या नणंदेचं एका चुलीवर किती वर्षं कसं चाललं, हे तर ती तिखटमीठ लावून सांगेल.

पण तिला विचारायचं कसं? समोर बसून, फोन तोंडापुढे धरून "आजी, तुझं आयुष्य सांग" असं म्हणशील तर उत्तर ठरलेलं आहे. "काय सांगायचं बाय, कामं केली नि पोरं वाढवली." आणि उठून शेळीकडे जाईल. तिच्या हाताला काहीतरी काम असू दे, वाल सोलायचे असतील, लसूण निवडायचा असेल. फोन बाजूला पाट्यावर ठेव आणि विसरून जा. मग एखादी वस्तू काढ. तिच्या हातावरचं गोंदण कुणी गोंदलं, किती रडली, पैसे दिले की जोंधळे, इथून सुरू कर. गोंदणातल्या त्या तुळशीवृंदावनातून ती तिच्या आईपर्यंत कशी जाते बघ. आणि एक आवर्जून विचार, माहेरी तिला काय नावानं हाक मारायचे. सासरी आल्यावर नाव बदललं, आणि जुन्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

साल विचारू नकोस. तिला साल नाही, प्रसंग आहेत. तिच्या आधारवर जन्मतारीख 1 जून आहे, म्हणजे कुणीतरी अंदाजानं टाकलेली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. त्यापेक्षा भूकंपाचं विचार. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 ला पहाटे झाला, ही तारीख पक्की. तेव्हा कोण किती मोठं होतं ते विचारलंस की सगळ्यांची वयं आपोआप जुळतात. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझा बा माझ्या कडंवर व्हता नि तुझी आत्या पोटात." झालं काम! दगडमातीच्या भिंती बसल्या, थंडीत पोरंबाळं घेऊन उघड्यावर रात्री काढल्या, घरात शिरायची भीती कितीतरी दिवस गेली नाही. हे सांगताना ती मधेच थांबून दाराच्या चौकटीकडे बघते, ते मात्र फोनमध्ये येणार नाही. ते तू लिहून ठेव.

तसंच 1972 च्या दुष्काळाचं. खडी फोडायची कामं, सुकडी, ती लाल मिलो ज्वारी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलंस तर अजूनही नाक मुरडते. या दोन खुंट्या पक्क्या झाल्या की बाकीचं सगळं त्यांच्या अलीकडे पलीकडे टांगता येतं.

आणि कोयनेचं धरण. याच्यावर तू घाई करू नकोस, एक अख्खी दुपार दे. आजीचं माहेर शिवसागराच्या पाण्याखाली गेलं हे तुला ऐकून माहीत आहे. पण आपण बामणोली-तापोळ्याला बोटीत बसून फोटो काढतो, त्या पाण्याच्या तळाशी तिचं अंगण आहे, हे मला फार उशिरा उमगलं. पाणी चढायच्या आधी तिच्या गावात लेकींची लग्नं भराभर उरकली, कारण पुनर्वसनात कोण कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नव्हता. कोयनेची धरणग्रस्त माणसं पार रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली. आजी इथं दिली गेली आणि तिचे भाऊ तिकडे गेले. माहेरपणाला जायचं म्हणजे दोन एसट्या बदलून अशा गावी, जिथलं एक झाडही तिच्या ओळखीचं नव्हतं. तिला त्या जुन्या गावाचा नकाशा काढायला सांग. हसू नकोस, ती काढते! जमिनीवर खडूनं. देऊळ, पाणवठा, कुणाचं घर कुणाच्या वर, कुठली वाट शेताकडं. तिनं काढला की लगेच फोटो घे, नाहीतर झाडू फिरेल.

ओव्याही विचार. जात्यावरच्या म्हणशील तर म्हणेल विसरले, पण एक सुरू केलीस की पुढची येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बाईचं माहेर, भाऊ, सवत, नवऱ्याचा मार, विठ्ठल, सगळं त्यात आहे. आपल्या आज्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही असं आपण म्हणतो. दळताना मात्र त्या तेच गात होत्या. तिची एखादी ओवी मिळाली तर जशी उच्चारेल तशीच लिही. व्हता, कवा, नगं, यातलं काही सुधारू नकोस. तुझ्या शुद्ध मराठीत आजी आजीसारखी वाटणार नाही.

आता आबांबद्दल बोलते, आणि हे जरा नाजूक आहे.

तुझे आबा म्हणजे ओट्यावर बसून तुझी वेणी घालणारे, बंडीच्या खिशातून खजूर काढून देणारे आबा. माझेही थोडेफार तेच. पण नातवंडांच्या वाट्याला माणूस येतो तो थकून मऊ झाल्यावर. आबा मशीद बंदरच्या दाणाबाजारात माथाडी होते. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन दिवसभर चढउतार, रात्री गावकऱ्यांच्या खोलीत अंगाला अंग लावून झोप, जेवण खानावळीत. आपल्या पाटण-जावळीकडची घरंच्या घरं त्या कामावर जगली. त्यांना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातले. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि बाजारातल्या हमालाला नोंदणी, मंडळ, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी दिसू लागल्या. पुढे बाजार नवी मुंबईत गेला तेव्हा आबाही टोळीबरोबर तिकडे गेले. त्यांचं मंडळाचं ओळखपत्र माझ्या वडिलांच्या ट्रंकेत आहे, फोटोसकट. मागून घे. पण कायद्याआधी मनिऑर्डर किती यायची, कुठल्या महिन्यात यायचीच नाही, तेव्हा दुकानदाराकडे उधारी कशी चालायची, हे आजीच्याच तोंडी आहे. मुंबईत आबा राबले आणि गावाकडे घर, शेती, म्हातारी सासू, दोन गुरं हे सगळं तिनं एकटीनं ओढलं. आबांच्या कष्टांवर भाषणं होतात, तिच्या कष्टांवर एकही ऐकलेलं नाही.

आणि आपल्या बाबा लोकांना विचारशील तर आबा वेगळेच निघतील. यात्रेला आणि गणपतीला येणारे, पोरांना अनोळखी वाटणारे, रागाचे, कधी कधी पिऊन आलेले. माझे वडील त्यांच्याशी धड चार वाक्यं बोलत नव्हते. तुझे बाबा हे तुला कधी सांगणार नाहीत, पण विचार. ऐकून तुला वाईट वाटेल, पण त्यानं तुझे खजूरवाले आबा खोटे पडत नाहीत. पुस्तकात दोन्ही आबा असू देत. नुसते गोडगोड आजोबा वाचायला मलाही कंटाळा येईल.

काही गोष्टी मात्र आजी सांगणार नाही. तिला मुलं किती झाली असं विचारलंस तर कधी पाच सांगते, कधी सात. त्या मधल्या दोघांबद्दल तिला बोलावंसं वाटेल त्या दिवशी ती आपण होऊन बोलेल. तेव्हा फोन बंद कर. तिला सांगून, तिच्या देखत बंद कर. आणि जे लिहिशील ते छापायच्या आधी तिला वाचून दाखव. हे काढ म्हणाली तर काढायचं, वाद घालायचा नाही. पुस्तक तुझं असलं तरी जगलेलं तिचं आहे.

फोटोंचं लवकर उरकून टाक. तरुणपणीचा तिचा एकही फोटो नाही, शोधत बसू नकोस. गावातल्या पुष्कळ बायकांसारखा तिचाही पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा, डोळे मोठे करून काढलेला. लग्नातले जे ग्रुप फोटो आहेत त्यांच्या मागे मऊ पेन्सिलनं नावं लिही, बॉलपेननं नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. चिकटपट्टी अजिबात लावू नकोस. कोण कुठे उभं आहे ते आजीला विचारूनच लिही, कारण आपल्या काकांनी छातीठोकपणे सांगितलेली निम्मी नावं चुकीची असतात, आणि तेच काका पुढे पंधरा वर्षं तीच सांगत राहतात.

रविवारी निघालीस तर पाटणहून दुपारची गाडी धर. सकाळी ती देवळात आणि मग शेजारणीकडे, सापडायची नाही. आणि मिश्री मागेल, देऊ नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय. पेढे ने, आणि दोन पुडे ने, कारण एक ती पोरांसाठी म्हणून डब्यात लपवून ठेवते.