नीपरकाठची टेकडी

युक्रेन देशातून वाहणारी नीपर ही युरोपातील मोठ्या नद्यांपैकी एक होय. तिच्या उजव्या तीरावर कानिव्ह नावाचे लहानसे शहर वसले आहे. शहराजवळच नदीकाठी एक उंच, वृक्षांनी वेढलेली टेकडी आहे. पायऱ्यांची लांब रांग चढून माथ्यावर गेले, की एक समाधी व तिच्यावर उभा असलेला ब्राँझचा भव्य पुतळा दृष्टीस पडतो. खाली नीपरचे विशाल पात्र पसरलेले असते. हा पुतळा युक्रेनचा राष्ट्रकवी तरास शेव्चेन्को याचा. या स्थळाला लोक ‘तरासची टेकडी’ म्हणतात.

राजांची व सेनापतींची स्मारके कोठे उभारावीत, हे बहुधा राज्यकर्ते ठरवतात. ही जागा मात्र एका कवितेने ठरवली.

तरासचा जन्म १८१४ साली एका भूदासाच्या घरी झाला. त्या काळी रशियन साम्राज्यात जमीनदार जमिनीबरोबर माणसांचीही खरेदी-विक्री करीत. अशा माणसांना भूदास म्हणत. तरास नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि अकराव्या वर्षी पितृछत्रही हरपले. पुढे धन्याबरोबर तो सेंट पीटर्सबर्ग या राजधानीच्या शहरी गेला. तेथे नेवा नदीच्या काठी एक राजोद्यान होते. उन्हाळ्यातील रात्री तेथे फारसा अंधार होत नाही. दिवसभर राबून झाल्यावर तरास त्या उद्यानात जाई आणि तेथील पुतळ्यांची चित्रे काढीत बसे. तेथेच एका चित्रकाराची दृष्टी त्याच्यावर पडली. त्याचे गुण पाहून काही थोर कलावंत एकत्र आले. कार्ल ब्र्युलॉव या विख्यात चित्रकाराने कवी झुकोव्स्की यांचे चित्र काढून दिले व त्याची सोडत काढण्यात आली. त्यातून मिळालेले २५०० रूबल धन्याला देऊन, १८३८ साली तरासला मुक्त करण्यात आले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

स्वातंत्र्य मिळताच त्याने लेखणी उचलली, ती आपल्या मायबोलीत. १८४० साली त्याचा ‘कोब्झार’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. कोब्झा नावाचे वाद्य वाजवीत गावोगाव पोवाडे गाणारा गायक म्हणजे कोब्झार. आपल्याकडील शाहिराचाच तो बंधू! तरास स्वतः मुक्त झाला होता. पण त्याची भावंडे अजून दास्यातच होती. हे दुःख त्याच्या कवितेतून बोलू लागले.

१८४५ च्या हिवाळ्यात तो अत्यवस्थ झाला. मृत्यू समोर दिसत असताना त्याने ‘मृत्युपत्र’ नावाची कविता लिहिली. आपला देह युक्रेनच्या विस्तीर्ण माळावर, जेथून शेते व नीपर नदी दिसेल आणि तिचा घोष ऐकू येईल, अशा ठिकाणी पुरावा, अशी इच्छा त्याने तीत व्यक्त केली.

त्या दुखण्यातून तो उठला. परंतु १८४७ साली झारच्या सरकारने त्याला पकडले व साधा शिपाई म्हणून दूर देशी धाडले. लिहावयाचे नाही, चित्र काढावयाचे नाही, अशी कडक आज्ञा होती. तरास इवल्याशा वह्यांत कविता लिही आणि त्या बुटात लपवून ठेवी. अशी दहा वर्षे गेली.

१० मार्च १८६१ रोजी, सत्तेचाळिसावा वाढदिवस होऊन एकच दिवस उलटला असता, सेंट पीटर्सबर्ग येथे त्याचे निधन झाले. भूदासांना मुक्त करणाऱ्या आज्ञेवर झारची सही आठवड्यापूर्वीच झाली होती. पण ती अजून जाहीर व्हावयाची होती.

त्याला तेथेच पुरण्यात आले. पण मित्रांना त्याची कविता ठाऊक होती. दोन महिन्यांच्या आत त्यांनी परवानगी मिळवली आणि त्याची शवपेटी गाडीने कीव्ह शहरी व तेथून आगबोटीने कानिव्हला आणली. चढण अवघड होती. लोकांनी गाडी हातांनी ओढून माथ्यावर नेली. २२ मे १८६१ रोजी नीपरच्या साक्षीने कवीची इच्छा पुरी झाली.

सरकारला मृत कवीचेही भय वाटे. १८७६ साली युक्रेनी भाषेतील पुस्तके छापण्यास बंदी झाली. १९१४ साली त्याची जन्मशताब्दी साजरी करण्यास मनाई झाली व समाधीवर शिपायांचा पहारा बसला. तरीही इव्हान यादलोव्स्की नावाचा एक साधा रखवालदार १८८३ पासून १९३३ पर्यंत, पन्नास वर्षे, ती समाधी राखीत राहिला. आजचा पुतळा १९३९ साली उभारण्यात आला.

एके काळी नदीकाठच्या उद्यानात दुसऱ्यांचे पुतळे चितारणारा तो दास-मुलगा! आज त्याच्याच पुतळ्यापुढे, नदीकाठी, मुले कागद-पेन्सिल घेऊन बसू शकतात.

स्वाध्याय
१. ‘ही जागा एका कवितेने ठरवली’ असे लेखक का म्हणतो?
२. तरासची मुक्तता कशी झाली, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. मृत कवीचेही सरकारला भय का वाटले असावे? वर्गात चर्चा करा.
४. तुमच्या गावाजवळील एखाद्या कवीच्या वा संताच्या स्मारकाविषयी दहा ओळी लिहा.