‘जेईई कशाला टाकता, काका?’

हे वाक्य अजून कानातून जात नाही.

माझी पोरगी दोन वर्षं जेईई डोक्यात ठेवून शिकली. सीईटीत माशी शिंकली ती तिथंच. तीन तासांत दीडशे प्रश्न, चुकल्याला गुण कापत नाहीत, म्हणजे धडाधड सोडवत सुटायचं. हिला प्रत्येक गणित कागदावर तडीस न्यायची सवय. सीईटीला 84 पर्सेंटाइल, जेईई मेनला 91. मग इंजिनिअरिंगच्या प्रवेश अर्जात जेईईचा स्कोअर टाका म्हणालो, यात माझं काय चुकलं?

‘महाराष्ट्रात सीईटीच चालते,’ मोबाइलवरची नजर न उचलता कौन्सिलिंगवाले सर म्हणाले. (सर! माझ्या पुतण्याच्या वयाचे.) तीन हजार आधीच घेतलेले. जेईई दिली का, या प्रश्नापुढं त्यांनी ‘नाही’ केलं आणि प्रिंट पुढं सरकवली. वीस वर्षं मी पतसंस्थेत लोकांचे कर्जाचे अर्ज तपासतोय. घरचा अर्ज मात्र न वाचता पोरीला सही करायला लावली. तेवढी चूक माझी. बाकीची माझी नाही.

तात्पुरती गुणवत्ता यादी रात्री बघितली. राज्याच्या यादीतला क्रमांक होता. अखिल भारतीय क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हटलं, साइटची गडबड असेल. पोरगी हळूच म्हणाली, ‘पप्पा, आपण जेईई दिलीच नाही असं लिहिलंय त्यात.’ दोन वर्षं पहाटे पाचला उठलेलं लेकरू, आणि आमच्याच कागदावर ते परीक्षेला बसलेलंच नाही.

हरकतीला तीन दिवस होते. सरांना रोज फोन केला. ‘बघतो काका.’ तिसऱ्या संध्याकाळी, ‘पोर्टल बंद झालं. सही तर तुमचीच आहे ना?’

आता हिशेब ऐका. राज्याच्या जागा सीईटीवर भरतात, हे त्यांचं खरं. पण खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय असतात. तिथं जेईई मेन आधी बघतात, आणि महाराष्ट्रातली पोरंही त्या जागांना पात्र असतात. तिथं आरक्षण नाही, हेही लक्षात ठेवा. एक स्कोअर निवडून दुसरा झाकायचा प्रश्नच नसतो, दोन्ही टाकायचे. 84 आणि 91 एकमेकांशी ताडूही नका, दोन्ही परीक्षांची गर्दी वेगळी. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे दोन्ही कटऑफ असतात. राज्याचा सीईटीशी लावा, अखिल भारतीय जेईईशी.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली अर्धी पोरं अकरावी-बारावीला लातूरला असतात. बारावी जिथून पास, तिथलं विद्यापीठ म्हणजे होम युनिव्हर्सिटी. म्हणजे घर धाराशिवात असलं तरी विद्यापीठ नांदेडचं लागतं, संभाजीनगरचं नाही. पसंतीक्रम लावताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं. त्यामुळं पहिलं नाव गंमत म्हणून टाकू नका. अर्जात ओटीपीसाठी मोबाइल नंबर स्वतःचा द्या. कागदपत्रं वेळेत काढा, पोरांवर चिडू नका, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

पोरगी शिकतेय, बरी आहे. पण तिला हवं होतं ते पुण्यातलं कॉलेज अखिल भारतीय यादीत 91च्या खाली बंद झालं. तो कटऑफ मी तीनदा बघितला. सर यंदाही टेबल टाकून बसलेत, फी चार हजार झालीय.

जिल्ह्यातल्या कुणाला अर्ज पक्का करायच्या आधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचा असेल, तर प्रिंट घेऊन संध्याकाळी सहानंतर पतसंस्थेत या. पैसे लागत नाहीत. सही मात्र करून आणू नका.