गिबोनाची शिदोरी आणि फसवणुकीचा फोन

शास्त्रपाठ : यहोशवा ९:३-२७. मननासाठी : मत्तय १०:१६.

गिबोनाचे रहिवासी यहोशवाकडे आले, तेव्हा त्यांच्या पायांत ठिगळे लावलेले जोडे होते आणि शिदोरीतील भाकरी बुरसलेल्या होत्या. आपण दूर देशाहून आलो, असे त्यांनी सांगितले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली. पण परमेश्वराला विचारले नाही. करार करून तीन दिवस झाले, तेव्हा कळले की ही माणसे शेजारचीच!

फसविणारा आजही पुरावा घेऊनच येतो. २०२४ साली सुरतेतील ९० वर्षांच्या एका गृहस्थांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण सीबीआयचे अधिकारी असल्याचे भासविले आणि तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असा धाक घातला. 'डिजिटल अटके'च्या नावाखाली पंधरा दिवस दडपणात ठेवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रुपये उकळले. वास्तविक, आपल्या देशाच्या कायद्यात फोनवरून अटक नाहीच. पोलीस किंवा न्यायालय चौकशीसाठी कोणाला पैसे भरावयास लावीत नाही.

ओळखावे कसे?

अशा फोनच्या तीन खुणा असतात : भीती किंवा लोभ, घाई आणि गुप्तता. ईमेलचेही तसेच. बँकेच्या नावाने पत्र येते, खाते आजच बंद होईल म्हणते आणि एक दुवा दाबावयास सांगते. पाठविणाऱ्याचा पत्ता नीट वाचावा, दुवा दाबू नये, पासबुकावरील क्रमांकावर बँकेला स्वतः विचारावे. ओटीपी व पिन कोणालाही सांगू नये. "घरी कोणाला सांगू नका" हे शब्द कानी पडताच फोन ठेवावा आणि मुलांना, शेजाऱ्यांना किंवा पाळकांना सांगावे. इस्राएलाने विचारले नाही, तेथेच ते फसले.

कळवावे कसे?

पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेला फोन करावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरविला जातो. म्हणून लवकर कळविल्यास तो अडविता येण्याची आशा अधिक. संदेश, क्रमांक व पावत्या पुसू नयेत. पैसे गेले नसले, तरी संशयास्पद फोन 'संचार साथी'च्या 'चक्षु' सेवेत कळवावा.

पुष्कळजण लाजेने गप्प राहतात. बंधुभगिनींनो, पाप फसविणाऱ्याचे आहे, फसलेल्याचे नव्हे. अशा माणसाला मंडळीत दोष नव्हे, आधार मिळावा.

तरुणांनाही एक इशारा. वरील प्रकरणात पोलिसांनी ४६ डेबिट कार्डे जप्त केली. थोड्या कमिशनसाठी आपले खाते दुसऱ्यास वापरू देणे म्हणजे चोरीला हातभार लावणे होय.

वर्गासाठी प्रश्न

१. गिबोनकरांचा पुरावा खरा वाटण्याचे कारण काय?
२. घाई व गुप्तता फसविणाऱ्याला का हवी असते?
३. आपल्या मंडळीत एकटे राहणारे वृद्ध कोण? या आठवड्यात त्यांना १९३० हा क्रमांक कोण लिहून देईल?