मीठ आधी, आंबट मग, गोड शेवटी

म्हापशात राहायला आल्यापासून पोर्क आमच्या घरात नियमित शिजतं. विंदालू आणि सोरपोतेल इथे ज्याच्या त्याच्या घरचं वेगळं असतं आणि ते हौसेनं शिकवणारेही पुष्कळ भेटतात. चॉपच्या वाट्याला तेवढी माया येत नाही. त्याला रस्सा नाही, मंद आचेवर तासभर रटरटणं नाही. तव्यावर पंधरा मिनिटांत काय तो निकाल लागतो. म्हणून बरेच जण एकदा करून बघतात, वातड झाला की पुन्हा वाटेला जात नाहीत. रेशाद मसाला, माडाचं व्हिनेगर, अननस, माडाचा काळा गूळ एवढ्या सगळ्या चवी त्या एका कापात उतरू शकतात, हे मी अनुभवानं सांगते. माझं ठाम मत आहे की इथे सगळं क्रमावर अवलंबून असतं. कोणती चव केव्हा द्यायची हे कळलं की चॉप जमलाच.

१. काप जाड हवा, हाडासकट हवा.

खाटकाला ‘चॉप द्या’ एवढंच सांगितलं तर तो सवयीनं पातळ काप करून देतो. पातळ कापाला वरून रंग येईपर्यंत आतला रस आटलेला असतो. त्यामुळे इंचभर जाडी मागावी आणि बरगडीचं हाड ठेवायला सांगावं. शक्य असेल तर पाठीच्या खांद्याकडच्या बाजूचे काप घ्यावेत. ते दिसायला तितके रेखीव नसतात, पण त्यांत मधेमधे चरबीच्या रेषा असतात आणि त्याच मांस मऊ ठेवतात. कडेची चरबी काढू देऊ नका. घरी आणल्यावर तिला दोन-दोन बोटांच्या अंतरावर सुरीनं चिरा द्या, म्हणजे तापल्यावर काप वाटीसारखा वाकत नाही.

२. पूर्ण शिजवायचं, हे आधीच ठरवून टाका.

परदेशी पाककृतींत हल्ली चॉप आतून गुलाबी ठेवतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ साली अखंड कापांसाठीचं तापमान ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ वर आणलं आणि वर तीन मिनिटं विसावा द्यायला सांगितलं. तिथली डुकरं बहुतांशी बंदिस्त फार्ममध्ये वाढतात. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी ती मोकाट फिरतात. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी खाणाऱ्याच्या आतड्यात जातो. त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी अन्नपाण्यावाटे कोणाच्याही पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. भारतात फेफऱ्याचं हे एक मोठं कारण आहे. मांस कुठून आलं याची मला पक्की खात्री नसते, म्हणून मी ७१ अंशांवर ठाम राहते. मांसात खुपसायचं थर्मामीटर आता सहज मिळतं. टोक हाडाला टेकू न देता, कडेनं मधोमध घालायचं. सुरीनं कापून बघण्यापेक्षा हे बरं, कारण कापलं की रस वाहून जातो.

आता ७१ अंशांवर पाठीचं मांस कोरडं पडायला लागतं, हेही खरं आहे. पुढचं सगळं त्यावरच्या उपायांचं आहे.

३. पहिला मान मिठाचा.

एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, तेही वजन करून. चमच्याचा हिशोब इथे चालत नाही, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं मावत नाही. या पाण्यात चॉप दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचे. मीठ हळूहळू आत शिरतं आणि मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवायला लागतात. त्यामुळे शिजताना रस कमी गळतो. मसाल्यातल्या इतर गोष्टी, मग त्या कितीही झणझणीत असोत, काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. खोलवर जातं ते मीठच. नंतर काप बाहेर काढून स्वच्छ फडक्यानं अगदी कोरडे टिपून घ्यावेत. मिठाचं पाणी दिल्यावर मसाल्यात पुन्हा मीठ घालायचं नाही.

४. मसाल्यात पाण्याचा थेंब नको.

रेशाद मसाल्यासाठी चार चॉपना पंधरा काश्मिरी मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, दहा-बारा मिरी, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि अर्धा चमचा हळद. मिरच्यांचे देठ आणि निम्म्या बिया काढून त्या अर्धी वाटी माडाच्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवायच्या आणि त्याच व्हिनेगरमध्ये सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. हरमलची किंवा हळदोण्याची मिरची मिळाली तर तिचा मान पहिला, पण ती तिखट असते, मग आकडा कमी करा.

आमच्या शेजारच्या आंटींकडे मी हा मसाला शिकले. मिक्सर अडला म्हणून मी पाण्याचा ग्लास उचलला, तशी त्यांनी माझा हातच धरला. ‘पाणी नको गो बाय. अडला तर आणखी व्हिनेगर घाल. पाणी पडलं की मसाला आठवड्यात गेला.’ भांड्याच्या कडेचा मसाला त्या परत परत उलथण्यानं खाली ढकलत होत्या आणि अधूनमधून चिमूटभर घेऊन अंगठा-तर्जनीत चोळून बघत होत्या. बोटांना कण लागेनासा झाला तेव्हा कुठे त्यांनी मिक्सर बंद करू दिला.

बाजारच्या पांढऱ्या व्हिनेगरवर काम भागतं, पण ते नुसतंच आंबट असतं. माडाची सूर आंबवून केलेल्या व्हिनेगरला किंचित गोडसर, फळासारखा वास असतो आणि पोर्कच्या चरबीला तोच शोभतो. मदेइरा बेटावर पोर्क वाइन आणि लसणात मुरवतात. विंदालूचं मूळ तेच. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांच्या मागोमाग तो प्रकारही आला आणि इथल्या स्वयंपाकघरात वाइनची जागा सुरेच्या व्हिनेगरनं घेतली. ही अदलाबदल मला तरी मूळ प्रकारापेक्षा सरस वाटते. रेशादमध्ये एरवी थोडी साखर घालतात. चॉपसाठी ती इथे घालू नका, का ते पुढे येईल.

वसईकडच्या ख्रिस्ती घरांमध्ये बॉटल मसाला असतो, उन्हाळ्यात भाजून-कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला. तो व्हिनेगर आणि लसणात कालवून लावला तरी चॉप झकास होतो, मात्र चव अगदी वेगळी येते.

५. आंबटाला चार तास पुरे.

विंदालूचे तुकडे रात्रभर मुरवायची इथे रीत आहे आणि ती योग्यच आहे. ते मांस चरबीचं असतं, शिवाय रश्शात बराच वेळ शिजतं. चॉपला तोच नियम लावला की व्हिनेगर वरचा थर घट्ट आणि भुसभुशीत करून टाकतं, मग कितीही जपून भाजा, पहिला घास कोरडाच लागतो. सकाळी मिठाच्या पाण्यात, दुपारी मसाल्यात, संध्याकाळी तव्यावर असा दिवस आखावा. मुरवायला काचेचं नाहीतर स्टीलचं भांडं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियम नको, आंबटानं ते झिजतं आणि चव बिघडते. आणि हे सगळं फ्रीजमध्ये. आपल्या हवेत ओट्यावर मांस मुरवू नये.

६. ताजा अननस कच्च्या मांसापासून दूर ठेवा.

अननसात ब्रोमेलेन आणि कच्च्या पपईत पपेन ही प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. मटण मऊ व्हावं म्हणून पपईचा कीस लावतात, तो याच कारणानं. पण प्रमाण आणि वेळ सांभाळली नाही तर मांस मऊ होण्यापलीकडे जातं. बघायचंच असेल तर कच्च्या पोर्कच्या एका तुकड्यावर ताज्या अननसाची चकती दोन तास ठेवा आणि मग ती उचलून खालच्या भागावर चमच्याची कड ओढा. वरचा थर पिठल्यासारखा चमच्यावर येतो. हे मांस तव्यावर खरपूस होत नाही, चिकटतं. अननस शिजवला की हे द्रव्य निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याच्यात ते उरलेलंच नसतं. सारांश, फळ हवंच, पण ते आगीवरून आलेलं हवं.

मिरची, अननस, पपई, काजू ही चारही मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागली. मिरी, हळद, आलं, नारळ इथे आधीपासून होते. एका ताटात हे सगळे नांदतात, याचा मला दर वेळी आनंद होतो.

७. आधी चरबीची कड तव्याला लावा.

बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्यावा. चॉपवरचा जास्तीचा मसाला बोटानं निपटून वाटीत काढून ठेवायचा. जाड थर राहिला तर मिरची-लसूण आधी करपतात आणि कडवटपणा येतो. मग दोन-तीन चॉप एकत्र चिमट्यात धरून चरबीच्या कडेवर उभे करावेत. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. मिनिटाभरात कडेखाली पारदर्शक चरबी पाझरायला लागते, चुरचुर वाढते, मसाल्याचा लाल रंग तिच्यात उतरतो आणि कड सोनेरी होते. त्याच चरबीत चॉप आडवे टाकायचे, वेगळं तेल लागत नाही. एका बाजूला तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. तव्याला चिकटलेला चॉप रंग आला की आपणहून सुटतो, सुटत नसेल तर त्याची वेळ झालेली नाही. उलटून तेवढाच वेळ, मग आच कमी करून झाकण, आणि थर्मामीटर ७१ दाखवेपर्यंत थांबायचं.

काढल्यावर पाच मिनिटं ताटलीत तसेच राहू द्या. घरातले सगळे वासानं आत डोकावायला लागतात, तरी राहू द्या.

८. गोड सगळ्यात शेवटी.

साखर आणि गूळ तव्यावर बघता बघता करपतात, म्हणून मसाल्यात ती घातली नाही. गोडाची वेळ चॉप शिजल्यावर. वाटीत काढून ठेवलेला मसाला त्याच तव्यातल्या चरबीत टाकून दोन-तीन मिनिटं परतायचा. तो कच्च्या मांसाला लागलेला आहे, तेव्हा तो नीट शिजलाच पाहिजे. त्यात अर्धी वाटी अननसाचा रस, थोड्या बारीक फोडी आणि दोन चमचे किसलेला माडाचा काळा गूळ घालून उकळू द्यायचं. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरायला लागला की पाक झाला. वरून चमचाभर व्हिनेगर, म्हणजे गोडाचा अंमल मर्यादेत राहतो. काजूची फेणी आवडत असेल तर गॅस बंद करून चमचाभर घाला. पेटत्या गॅसवर बाटली कधीही ओतू नये. तिचा वास उग्र आहे, पण अननसाशी तिचं फार चांगलं जुळतं. आता चॉप पाकात एकदाच उलटसुलट करून लगेच वाढा.

गूळ नेहमीचा पिवळा असला तरी चालतं. काळ्या गुळाला मात्र धुरकट, किंचित खारट चव असते आणि ती पोर्कसाठीच केली असावी असं वाटतं.

९. सोबतीला फार काही नको.

गरम पोई, उभा चिरून व्हिनेगर-मिठात चुरलेला कांदा आणि सोलकढी. आंब्याच्या दिवसांत कैरीचं तोंडीलावणं. पुलाव वगैरे केलात तर पाकाची चव त्यात हरवते.

१०. मसाला नेहमी दुप्पट वाटा.

वाटण्याचा खटाटोप तेवढाच असतो. फक्त निम्मा मसाला मांसाला लावण्याआधीच कोरड्या काचेच्या बरणीत बाजूला काढा आणि मांसाला लागलेला चमचा तिच्यात घालू नका. पाण्याचा अंश नसेल तर तो फ्रीजमध्ये महिनाभर चांगला राहतो. पुढच्या आठवड्यात बाजारात ताजा बांगडा दिसला की पोटात आणि पाठीच्या चिरांत हाच मसाला भरून तळा. घरात कोणी मांस-मासे खात नसेल तर त्यांच्यासाठी वांग्याच्या जाड कापांना लावा, तेही उत्तम होतात.