नागिणीवर पाला लावण्याआधी
बरगडीखाली पुरळाचा पट्टा उठला तेव्हा वेल्ह्यात भातलावणी ऐन भरात होती. आळीतल्या म्हातारीनं बघताक्षणी सांगितलं, नागीण आहे, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो. टोकं बहुधा जुळतच नाहीत. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळ एका नसेच्या मुळाशी दबा धरून असतो. उठतो तो त्याच नसेच्या वाटेनं, अंगाच्या एकाच बाजूला. पण तेव्हा ऐकतो कोण? एका जाणत्यानं दोन्ही टोकांना बिब्बा घातला. बिब्बा धडधाकट कातडीलाही उततो, इथं तर ओले फोड. नसरापूरला डॉक्टर गाठेपर्यंत ७२ तास उलटून गेले होते. विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा गुण येतो तो त्याच्या आत.

खपल्या पडल्या, ठणका राहिला. सदरा घासला तरी वीज चमकल्यासारखी कळ यायची.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. आज ठणका आटोक्यात आहे तो गॅबापेन्टिनच्या गोळ्या आणि मिरचीच्या मलमामुळे. मिरचीतलं कॅप्सायसिन नसांच्या ज्या ग्राहीला डिवचतं, ती डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधली. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हे काम होतं. पुन्हा पुन्हा डिवचलं की नसेची टोकं बोथटतात. म्हणून मलम दिवसातून तीन-चारदा, काही आठवडे लावावं लागतं. सुरुवातीला आगच होते आणि बरेच जण तिथंच सोडतात. फोड पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. हात साबणानं धुवा, डोळ्यांना लावू नका, लगेच कढत पाण्यानं आंघोळ नको. मलमात कॅप्सायसिन सहसा ०.०७५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. पाट्यावरच्या मिरचीचं माप कोण काढणार?

‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ हे तर ऐकूच नका. पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं. कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन कॅन्सरवर चालतं, पण हातापायांच्या नसा तेच दुखावतं.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे. तिच्यातही चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतला एक घटक आहे, पण मोजून घातलेला. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. बायकोनं पहिला घेतलाय. दुसरा भातकापणीत येतोय, म्हणून तिची आत्तापासूनच कुरकुर चालू आहे.