पत्र्याच्या शेडमधली ऊब

खानदेशचा उन्हाळा भाजतो, तशी इथली थंडीही झोंबते. पारा 10 अंशांखाली उतरला की मळ्यातले रखवालदार आणि रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देणारे शेतकरी पत्र्याच्या शेडमध्ये घमेल्यात निखारे घेऊन झोपतात. एका हिवाळ्यात असेच बाप-लेक पहाटे माझ्याकडे आणले. डोके ठणकत होते, उलट्या चालू होत्या. घरच्यांना वाटले, जेवण बाधले. खोदून विचारल्यावर कळले, दार लावलेले होते आणि फटी बारदानाने बुजवलेल्या होत्या. ऑक्सिजनवर दोघेही सावरले.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेजारी पाण्याचे भांडे ठेवून काही उपयोग होत नाही.

शेकायचे ते बाहेर, उघड्यावर. आत ऊब हवी तर आधी जमिनीचा गारवा तोडावा. कडब्याच्या जाड थरावर घोंगडी अंथरावी. वाऱ्याच्या बाजूला बारदान दुहेरी लावावे, छपराखालच्या समोरासमोरच्या फटी मात्र मोकळ्या ठेवाव्यात. कडबा आणि बारदान असेल तिथे विस्तव नकोच. गोठ्यालाही हेच लागू. गुरे तर बांधलेली असतात.

कुणी असा आढळला तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, 108 ला फोन करावा आणि डॉक्टरांना निखाऱ्यांचे आवर्जून सांगावे. त्या पहाटे मला ते विचारून काढावे लागले होते.