आकडा नेमका कोणाचा?

मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा टंगस्टन डायसेलेनाइड या अर्धवाहकांचा एक थर एका नॅनोमीटरहूनही पातळ. त्याला हेलियमच्या थंडीत नेऊन त्याचा विद्युतरोध मोजायचा, हे माझं काम. पडद्यावर आकडा लगेच उमटतो. तो सॅम्पलचाच आहे की आणखी कोणाचा, हे ठरवण्यातच खरा वेळ जातो. लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्या मुलांना मी सांगतो ते हे.

१. उबेत चाललेल्या कॉन्टॅक्टवर विसंबू नका. धातू आणि अर्धवाहकाच्या सांध्यावर ऊर्जेचा बांध असतो, शॉट्की बॅरियर. खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन तो उष्णतेच्या जोरावर ओलांडतात. ४ केल्विनला तो जोर उरत नाही. मग किलोओहममधला कॉन्टॅक्ट मेगाओहमच्याही पुढे जातो. बिस्मथ वापरून हा बांध जवळपास नाहीसा करता येतो, हे २०२१ मध्ये दिसलं. धातू निवडायला वेळ द्या.

२. चार तारांनाही मर्यादा आहे. दोन तारांतून एसी करंट सोडायचा, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज मोजायचं. कॉन्टॅक्टचा रोध आपोआप वगळला जातो, असं पुस्तक सांगतं. पण व्होल्टेज मोजणाऱ्या लॉक-इन ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहमच्या घरात. कॉन्टॅक्टही तेवढाच झाला, तर मोजलेलं व्होल्टेज सॅम्पलचं राहत नाही. फेज सरकू लागली की वहीत नोंद करायचं थांबवा.

३. थर्मामीटर फ्रिजचं तापमान सांगतो, इलेक्ट्रॉनांचं नाही. मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा डायल्युशन फ्रिज १० मिलिकेल्विन दाखवत असतो, आणि तारांवरून खोलीतला रेडिओलहरींचा गोंगाट खाली उतरत असतो. इतक्या थंडीत इलेक्ट्रॉन आपली उष्णता स्फटिकाला फार सावकाश देतात. म्हणून आरसी फिल्टर, तांब्याच्या भुकटीचे फिल्टर. तापमानागणिक बदलायलाच हवी अशी एखादी खूण निवडा. फ्रिज १०० वरून ३० मिलिकेल्विनवर आला तरी ती हलली नाही, तर इलेक्ट्रॉन वरच अडकलेत.

४. करंट अर्धा करून पाहा. १० मिलिकेल्विनला उष्णतेची ऊर्जा एका मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी. सॅम्पलवर शंभर मायक्रोव्होल्ट लावणं म्हणजे हिमालयात जाऊन शेकोटी पेटवणं. करंट अर्धा केल्यावरही रोध तोच आला, तरच तो खरा. करंटची वारंवारता १७ हर्ट्झसारखी ठेवा, विजेच्या ५० हर्ट्झच्या पटींपासून दूर.

५. थंडीत घाण उघडी पडते. स्फटिकाची थरथर शमली की इलेक्ट्रॉनांना अडवायला उरतात ते दोष आणि अशुद्धी. सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवलेल्या थराला खालच्या विद्युतभारांचा जाच होतो. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं ग्राफीन हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडवर ठेवून हा जाच कमी होतो हे दाखवलं, आणि पुढं अर्धवाहकही त्यातच गुंडाळले जाऊ लागले. जपानमधल्या त्सुकुबाच्या वातानाबे आणि तानिगुची यांनी वाढवलेले त्याचे स्फटिक जगभरच्या लॅबमध्ये पोचलेत.

६. आधी अर्थिंग, मग तार. अंगावरची स्थिर वीज एका स्पर्शात सॅम्पल जाळते. थरातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करणाऱ्या गेटचं व्होल्टेजही हळूहळू चढवा, गळतीच्या करंटवर नजर ठेवून.

७. निसर्गाची मोजपट्टी वापरा. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये ग्रेनोबलला सापडलेल्या क्वांटम हॉल परिणामात रोधाची पठारं २५,८१२.८ ओहमला पूर्णांकानं भागून येतात, पदार्थ कोणताही असो. भर चुंबकीय क्षेत्रात तुमचं पठार सपाट आहे, पण नेमक्या आकड्यापासून एखाद टक्का ढळलंय? नव्या शोधाचा पेपर लिहायला बसण्याआधी तारा तपासा.